नईमचाचांच्या कॅमेऱ्याची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रीन आहे. टीव्हीची नव्हे, मोबाइलचीही नव्हे. धुळ्याच्या नूर फोटो स्टुडिओत एक कॅमेरा आहे, त्याच्या पाठीवर मी बसते. बसते म्हणजे, मन मानेल तशी बसते. माझ्या एका कडेला बिजागरी आहे. तिच्यावर मी दारासारखी बाहेर उघडते, वर बघते, खाली बघते आणि वाटलं तर गिरकी घेऊन थेट समोरच्या माणसाकडे तोंड करते. कितीतरी कॅमेऱ्यांच्या स्क्रीन पाठीला घट्ट चिकटलेल्या असतात. जन्मभर फोटोग्राफरच्या नाकाकडे बघत राहायचं, एवढंच त्यांच्या नशिबी. मी तशी नाही, आणि हे मी मान ताठ करूनच सांगणार आहे. थोडी फुशारकी वाटली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणही आत येऊ देत नसत. माझ्या बिजागरीतून एक कागदासारखी पातळ पट्टी ओवली गेली. भिंग जे पाहतं ते या पट्टीतूनच माझ्यापर्यंत येतं. मग एका यंत्रानं मला दिवसभर उघडलं आणि मिटलं, उघडलं आणि मिटलं. माझ्यासोबतच्या काही जणींनी मध्येच मान टाकली आणि त्यांना बाजूला काढलं गेलं. मी टिकले. तेव्हापासूनच मला स्वतःचं जरा कौतुक आहे.

खोक्यातून बाहेर आले तेव्हा माझ्यासमोर दोन चेहरे होते. एक शाझियाचा. ती नुकतीच शिक्षण संपवून वडिलांच्या स्टुडिओत काम करू लागली होती, आणि हट्ट करून मला तिनंच आणवलं होतं. दुसरा चेहरा तिच्या वडिलांचा, नईमचाचांचा. सगळं धुळं त्यांना चाचाच म्हणतं. रीळ घालायच्या काळापासून ते फोटो काढतात. बापलेक घरात हिंदीत बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगते.

चाचांनी मला एकदा उघडलं, एकदा मिटलं आणि विचारलं, "हा कॅमेरा आहे का घर? याला खिडकी कशाला?"

"अब्बा, खाली ठेवून, डोक्यावर धरून, कसाही फोटो काढता येतो."

"खालचा फोटो हवा तर खाली बसावं. फोटोग्राफरनं वाकायचं असतं, कॅमेऱ्यानं नाही. आणि जी वस्तू हलते ती आधी मोडते, लिहून ठेव."

तेव्हापासून माझं नाव खिडकी पडलं. मला ते अपमानाचं वाटलं, पण शाझियाच्या हातात गेल्यावर मी अपमान विसरले. काय काय पाहिलं मी! हळदीच्या गर्दीत शाझिया कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची आणि मी मान खाली घालून तिला दाखवायचे की बायकांच्या घोळक्यात मधोमध नवरी कशी लाजून बसली आहे. पोळ्याला मी बैलांच्या खुरांशी होते आणि तिथून त्यांची रंगवलेली शिंगं आभाळाला टेकलेली दिसत होती. लोक अल्बम बघून विचारायचे, हा फोटो झाडावर चढून काढला का? शाझिया हसायची. मी तर फुगून दुप्पट व्हायची बाकी होते.

आणि तिथेच माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली.

धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात मोठं लग्न होतं. वऱ्हाडातल्या मंडळींना आपण कसे दिसतो ते बघायची हौस आली. शाझियानं मला गिरकी देऊन त्यांच्याकडे फिरवलं. कोणी पदर सारखा केला, कोणी पोट आत ओढलं, सगळे खूश. मीही खूश. पण आमच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. फोटो भिंग काढतं, आणि मी भिंगाच्या बाजूला असते. माणसं भिंगाकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिली. अल्बम तयार झाला तेव्हा नवरा, नवरी, मामा, मावश्या, सगळ्यांच्या नजरा एका बाजूला वळलेल्या. नवरीच्या वडिलांनी अल्बम काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "काय हो चाचा, तिकडे काय होतं? जेवणाची पंगत?"

चाचांनी त्यांची माफी मागितली. संध्याकाळी त्यांनी मला हातात घेतलं, गिरकी देऊन माझं तोंड आत वळवलं आणि कॅमेऱ्याच्या पाठीला टेकवून मिटून टाकलं. "आता ही उघडायची नाही," ते म्हणाले. शाझियानं मान हलवली.

मित्रांनो, पुढची दोनेक वर्षं मी कॅमेऱ्याची काळी पाठ बघत काढली. शाझिया डोळा कॅमेऱ्याच्या बघायच्या छिद्राला लावून फोटो काढायची. लग्नं व्हायची, बारशी व्हायची, मला फक्त आवाज यायचे. हळूहळू माझा कॅमेराच मागे पडला. त्याच पिशवीत चाचांचा लाडका कॅमेरा असायचा, चिकट्या स्क्रीनचा. तो रोज बाहेर जायचा आणि आल्यावर त्याला मऊ फडक्यानं पुसलं जायचं. माझ्या बिजागरीत मात्र धूळ बसत होती. मला फार वाईट वाटायचं, ते का लपवू?

एक दिवस साक्रीच्या पुढच्या एका गावातून प्रेमराज नावाचा शेतकरी स्टुडिओत आला. त्याला मुलगा झाला होता. आमच्याकडे घरात पणतू जन्मला की पणजीवर सोन्याची फुलं उधळतात. प्रेमराजनं जळगावच्या सराफाकडून छोटी छोटी फुलं करवून आणली होती. पण तो वेगळ्याच काळजीत होता. त्याची आजी सुंदरबाई कंबरेत पार वाकलेली. जन्मभर निंदणी केली, कापूस वेचला आणि पाठ जी खाली गेली ती परत वर आलीच नाही.

"चाचा, मना लगनना अल्बममा मोठमायना निस्ता पदर दिखस," प्रेमराज अहिराणीत म्हणाला. "तिना एकबी फोटोमा तोंड नही. आते तरी तिनं तोंड दिखाले जोयजे."

घरात तिला मोठमाय म्हणत. आणि घरातल्या कुठल्याही फोटोत तिचा चेहरा नव्हता, फक्त पदर आणि पांढरे केस. नव्वदीच्या घरातली बाई, आता नाही तर कधी? चाचांनी छातीवर हात ठेवला आणि शब्द दिला. "दिसेल. तोंड दिसेल."

ठरलेल्या दिवशी आम्ही प्रेमराजच्या गावी पोचलो. पिशवीत दोन्ही कॅमेरे होते. अंगणात मांडव घातला होता. सुंदरबाई पाटावर बसल्या होत्या, मांडीवर झबल्यातलं बाळ. बसल्यावरही त्यांचं तोंड जमिनीकडेच. चाचांनी आपला लाडका कॅमेरा काढला आणि आपल्या तत्त्वाला जागून ते वाकले. आधी गुडघ्यावर, मग कोपरांवर, मग सरळ पोटावर आडवे झाले. हनुवटी मातीला लागली तेव्हा कुठे त्यांना त्या चेहऱ्याची कड दिसायला लागली. पण आपल्या पायाशी दाढीवाला परका पुरुष आडवा पडलेला बघून सुंदरबाईंनी पदर असा काही पुढे ओढला की होती तीही कड गेली.

"ऊठ रे भाऊ, हाई काय करी राहिना? लोके काय म्हनतीन!"

मांडवभर हशा पिकला. चाचा उठले. मग त्यांनी कॅमेरा नुसताच खाली धरून अंदाजानं बटण दाबून बघितलं. एका फोटोत पाट आला, एकात बाळाचा पाय, एकात सुंदरबाईंचा गुडघा.

"मना तोंडना फोटो काय करशात?" सुंदरबाई म्हणाल्या. "पाठना काढा, तीच वर शे."

सगळे पुन्हा हसले, पण प्रेमराज हसला नाही. फुलांची वाटी हातात घेऊन तो नुसता चाचांकडे बघत होता. चाचांनी कोपराची माती झटकली. त्यांनी शब्द दिला होता आणि तो हातातून निसटत चालला होता. मग ते शाझियाकडे न बघताच म्हणाले, "उघड ती खिडकी."

बिजागरी कुरकुरली. धूळ होती, पण मी उघडले. किती दिवसांनी मी उजेड पाहिला!

शाझिया सुंदरबाईंच्या समोर मांडी घालून बसली, लेक आईपुढे बसते तशी. कॅमेरा तिनं दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला, भिंग वर करून. मला बाहेर काढलं आणि माझी मान तिच्याकडे कलती केली. आता शाझिया आरामात खाली बघत होती आणि मी तिला दाखवत होते. मित्रांनो, तो चेहरा सगळ्यांच्या आधी मी पाहिला. कपाळावर गोंदणाचे हिरवे ठिपके, गालांवर बारीक सुरकुत्या, आणि डोळे अगदी लख्ख. एवढा सुंदर चेहरा त्या घरानं वर्षानुवर्षं पदराआड घालवला होता.

पण सुंदरबाईंनी ओठ गच्च मिटले होते. फोटो म्हटल्यावर त्या अवघडल्या होत्या. प्रेमराज फुलं उधळायला उभा राहिला. शाझियानं क्षणभर विचार केला आणि मला हळूच फिरवायला लागली, सुंदरबाईंच्या दिशेनं.

"शाझिया, नको!" चाचा मागून म्हणाले. "पुन्हा नजर जाईल!"

"जाऊ दे, अब्बा."

आता शाझियाला काहीच दिसत नव्हतं. सगळा भरवसा माझ्यावर होता. मी सुंदरबाईंच्या समोर उभी राहिले आणि त्यांना त्यांचं तोंड दाखवलं, खाली मांडीवरच्या पणतूसकट.

"हाई कोन म्हातारी शे व?"

"तुम्हीच, आजी."

"मी?" त्या बघतच राहिल्या. "म्हातारा गया तवयपाईन आरसा देखा नही व माय मी." नवरा गेल्यापासून त्यांनी आरशात पाहिलंच नव्हतं. मग त्यांची नजर माझ्यात दिसणाऱ्या बाळावर गेली. बाळानं तेवढ्यात मोठी जांभई दिली. सुंदरबाईंचे मिटलेले ओठ सुटले आणि त्या खळखळून हसल्या. "देख, देख! आमना दोनीसना तोंडमा एकबी दात नही!"

प्रेमराजनं फुलं उधळली. बरीचशी सुंदरबाईंच्या वाकलेल्या पाठीवर पडली, तीच वर होती ना! काही पदरावरून घरंगळली, एक कानामागे अडकलं, एक बाळाच्या पोटावर जाऊन बसलं. शाझियाचं बोट बटणावरच होतं. माझ्या अंगावर त्या वेळी दोन बोळकी होती आणि मधे सोनं सांडत होतं. असा मान कुठल्या चिकट्या स्क्रीनला मिळाला असेल तर मला येऊन सांगावं.

बायका फुलं वेचायला लागल्या तेव्हा शाझियानं चाचांना फोटो दाखवला. त्यांनी मला दोन बोटांनी धरून जवळ ओढलं आणि बराच वेळ बघत राहिले. "नजर भिंगात नाही," ते म्हणाले. फोटोतल्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "नसू दे. असाच मोठा करू." मग खिशातून मऊ फडकं काढून त्यांनी माझ्या बिजागरीतली धूळ पुसली. ते फडकं कोणाचं होतं ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी मी चिकट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता माझं वय झालं आहे. बिजागरी थोडी सैल झाली आहे, कोपऱ्यात एक ओरखडा आहे. धुळ्यातले फोटोग्राफर चहाला जमले की अजून वाद घालतात, कॅमेऱ्याला फिरती स्क्रीन असावी का नसावी. चाचा कप खाली ठेवतात आणि सांगतात, "खिडकी असावी. रोज उघडायची गरज नाही, पण असावी." हलणारी वस्तू आधी मोडते, हेही ते सांगतात, आणि ते खरंच आहे. म्हणून मित्रांनो, तुमच्या हातात माझ्यासारखी कोणी आली तर दोन बोटांनी हळूच उघडा, गच्चकन ओढू नका. मला धरून कॅमेरा उचलू नका. धूळ पुसत जा. आणि माझ्याकडून एकदा चूक झाली म्हणून माझं तोंड कायमचं भिंतीकडे करून ठेवू नका.

बाळाच्या जावळाला आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. सुंदरबाईंचा फोटो चौकटीत घालून लावला होता, पण वर कुठे दिसेना. प्रेमराजनं तो दाराजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकला होता, म्हणजे मोठमायला येता-जाता दिसावा. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक जण आधी वाकतो, मग फोटो बघतो. चाचाही वाकले. त्यांच्या शेजारी एक पाहुणे वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "फोटो झकास आहे हो. पण आजी एवढ्या हसून बघतात कुठे? तिकडे काय होतं?"

शाझियाच्या गळ्यात मी मिटून बसले होते. चाचांनी हात पुढे केला, दोन बोटांनी मला उघडलं आणि पाहुण्यांच्या तोंडासमोर फिरवून म्हणाले, "ही होती."