मऊ रुळाची पूजा

मित्रांनो, कागदाचाही रूळ असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तो मी. आता जुना झालोय, पण ऐकून घ्या. कागदाचे असंख्य गोल तुकडे एका लोखंडी दांड्यात ओवले, दाबून दाबून लाकडासारखे घट्ट केले, वरून तासले आणि मी तयार झालो. उमरग्याजवळच्या एका सहकारी कागद सोसायटीत मला पोलादी रुळाखाली बसवलं. खरबरीत कागद आम्हा दोघांच्या मधून दाबून निघाला की गुळगुळीत व्हायचा. मग त्यावर खुशाल लिहा, शाई फुटत नसे.

कौतुक मात्र सगळं वरच्या पोलादाचं! पाहुणे यायचे, त्यात तोंड बघून मिशा नीट करायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारायचे, "हे खालचं लाकूड कशाला ठेवलंय?"

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. पाण्यावाचून नवा कागद बनवणं थांबलं. गोदामात आधीचा खरबरीत कागद होता, त्याला गुळगुळीत करून शाळांच्या उत्तरपत्रिकांसाठी द्यायचा होता. तो पास झाला तर शेड चालू, नाहीतर सगळ्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला. यंत्रात कागद सरकवणारी सिताबाई म्हणायची, "खडीला म्या भीत न्हाय. पर हितं लेकराचा पाळणा बांधाया छपराचं आढं हाय. तिथं उन्हात कुठं बांधू?"

खंडेनवमीला चेअरमन आण्णासाहेब हारतुरे घेऊन आले. यंत्र चालवणारा बसवराज म्हणाला, "नारळ दारातल्या दगडावर फोडा, साहेब."

"लक्ष्मी हितं, आन् नारळ दारात? डोकं हाय का न्हाय तुला?"

असं म्हणत त्यांनी पोलादी रुळावरच नारळ आपटला. टाळ्या झाल्या, लगेच बटण दाबलं आणि करवंटीचा तुकडा आमच्या फटीत शिरला. पोलादाला काय होतंय? खळगा माझ्या अंगात पडला, चिंचोक्याएवढा. दर फेरीला कागदावर तेवढी जागा दाबाविना राहायची आणि तिथं शाई फुटायची. शाळांसाठी कागद तपासणाऱ्या साहेबांनी नमुना परत केला. "आठवड्यात नीट माल द्या, नाहीतर राहू द्या," म्हणाले.

आण्णासाहेब थेट सिताबाईवर घसरले. "तुझ्या बांगडीनंच झालंय हे. उद्यापासून खडीवर जा."

"बांगडी काचंची हाय, साहेब. तीच फुटली असती. तुमचा नारळ मातुर लई धट्टाकट्टा व्हता."

बसवराज मध्ये पडला. "खळग्याला ओलं फडकं लावून यंत्र रिकामं फिरवू द्या, साहेब. रूळ मऊ हाय, फुगून वर येतो."

"रिकामं यंत्र? सभासद म्हणतील, चेअरमन वीज जाळतोय. आन् दुष्काळात यंत्राला पाणी पाजायचं? बैठक घेऊ."

काय सांगू मित्रांनो, एका ओल्या फडक्यासाठी संचालक मंडळ बसलं! चहाला जेवढं पाणी उकळलं, त्यात मी दोनदा न्हालो असतो. ठराव कोणी मांडायचा यावरच त्यांची सकाळ सरली.

शेवटी सिताबाईच उठली. संचालकांनी अर्धवट पिऊन ठेवलेल्या पेल्यांतलं पाणी गोळा केलं, फडकं भिजवलं आणि यंत्र बंद असतानाच माझ्या खळग्यावर दाबून धरलं.

"करा सुरू, बसवराजदादा," फडकं काढून ती म्हणाली. "जायचंच हाय, तर रूळ नीट करून जाते."

पोलाद माझ्यावर हलकेच टेकलं आणि आम्ही रिकामेच फिरू लागलो. पलीकडच्या खोलीत आवाज पोचला तसे आण्णासाहेब खूश झाले. "ऐका! आपण इथं बसलोय, तरी काम थांबलं न्हाय!"

संध्याकाळपर्यंत खळगा वर आला. कागद पास झाला. आण्णासाहेबांनी बांगडीचं नाव पुन्हा काढलं नाही. "पूजा फळाला आली," एवढंच म्हणाले. सिताबाई तर रूळ नीट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेहमीसारखी यंत्रापुढं येऊन उभी राहिली आणि तिला जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

आज मी बंद शेडच्या कोपऱ्यात पडून आहे. मित्रांनो, राबणाऱ्याला नुसता हार घालून निघून जाऊ नका. त्याला काही टोचलं तर आधी काम थांबवा, बघा, थोडा दम खाऊ द्या. दोष कुणाचा हे मग शोधा, आणि शोध जरा स्वतःपासून सुरू करा. एवढं करूनही मान द्यायचाच असेल, तर नारळ दारात फोडा आणि हात पुसून या.