रोगांच्या गर्दीत एक डाग

सिल्वासात नवं नवं इंटरनेट आलं आणि सुधाकरनं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान थाटलं. तासाचे पैसे द्या, हवं ते बघा. पण गिऱ्हाईक उठलं की हा त्याच खुर्चीत बसायचा, त्यानं काय काय उघडलं होतं ते कॉम्प्युटरमधून काढायचा आणि शेजारच्या पानाच्या गादीवर मीठमसाला लावून सांगायचा. दुसऱ्याचा उकिरडा उकरल्याशिवाय मेल्याच्या गळ्याखाली घास उतरत नसे.

राखोलीच्या कारखान्यातल्या वाल्मिकची त्यानं उडवलेली टर शाळेत शिकवणाऱ्या शीतलनं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. तरी तिला तिथंच जावं लागलं. तिच्या घोट्यावर पांढरा डाग उठला होता आणि लग्न ठरत आलं होतं. कोड वाढतं का, मुलांना होतं का, हे तिला कळायला हवं होतं. डॉक्टरकडे जावं तर बाकावर अर्धी कॉलनी बसलेली.

तिनं शक्कल लढवली. कोडाची माहिती वाचायची, पण मागेपुढे भलतंच काहीबाही उघडून ठेवायचं. क्षय, फिट्स, मधुमेह, मूळव्याध. कोणी विचारलंच तर आरोग्याचा धडा शिकवायचाय म्हणायचं. उठताना तिला स्वतःचीच किळस आली. ना चोरी केली, ना कोणाचं वाईट, आणि तोंड मात्र चोरासारखं लपवायचं.

आठवडाभरात स्थळ आणणाऱ्या उषाकाकू घरी आल्या. त्यांनी चहालाही हात लावला नाही.

"मुलाकडच्यांनी नकार कळवलाय, गजाननभाऊ," त्या शीतलच्या वडिलांना म्हणाल्या. "पोरीला क्षय आहे, फिट येतात, मूळव्याधसुद्धा आहे म्हणे. सुधाकर सांगत फिरतोय."

"आणखी काय म्हणाला तो?" शीतलनं विचारलं.

"अगं, एवढं काय कमी झालं?"

कोडाचं नावसुद्धा नव्हतं. तिची शक्कल अगदी फळाला आली होती. शीतलला आधी हसू आलं, मग तिनं चपला पायात सरकवल्या.

ती तडक दुकानात गेली. सुधाकर गादीवरच्या टोळक्यात उभा होता.

"आवो, आवो, टीचर! आज कौनसी बीमारी बघायची?"

टोळकं फिदीफिदी हसलं. शीतलनं स्टुलावर पाय ठेवला आणि साडी घोट्याच्या वर घेतली.

"हे कोड. एवढंच लपवायचं होतं मला. बाकीचे रोग तू दिलेस, ते तुलाच राहू देत. बघ की नीट! उद्या सांगायचंय ना?"

सुधाकरनं मान फिरवली. चोरून सगळं बघणाऱ्याला समोर ठेवलेलं बघवेना.