गेणूची कात

"गंगेवर मंत्र म्हणून सोडला मी ह्याला, आणि हा इथं डोळे वटारून बघतोय," दिवाकर माझ्या कानाशी पुटपुटले.

आम्ही दोघं काचेच्या पेटीवर वाकलो होतो. आत वाळूतून नुकताच वर आलेला गेणू, आमच्या मृण्मयीचा शंखातला खेकडा. उंदराच्या पिल्लासारखा गुलाबी, लिबलिबीत.

झालं होतं असं. गेणू कात टाकायला वाळूत शिरला. पेटी हलवायची नाही, वाळू उकरायची नाही, अशी मृण्मयीची सक्त ताकीद. एकदा ती शाळेत असताना दिवाकरांना वाळूवर पायांसकट, मिशांसकट गेणू निपचित पडलेला दिसला. पोर रडेल म्हणून त्यांनी तो गुपचूप द्रोणात घातला आणि रामकुंडावर नेला. रोज यजमानांच्या घरच्या अस्थी सोडणारा माणूस. हात आपोआप चालले असणार. गोत्र कुठलं सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

आणि ती निघाली नुसती कात!

"बाबा, ती तो खातो!" मृण्मयीचा आवाज चिरकला. "त्याशिवाय अंग कडक होत नाही त्याचं. असाच मऊ राहिला तर मरेल. कॅल्शियम पाहिजे त्याला, आजच."

"माझी गोळी कुटून घाला," देवघरातून सासूबाई.

"त्यात रंग असतो, आजी."

"मग विड्याचा चुना?"

"भाजेल तो!"

मृण्मयीनं मोबाइलवर शोधलं, वाचलं. मोबाइल माझ्याकडे आला, माझ्याकडून दिवाकरांकडे गेला. त्यांनी उगाच चष्मा पुसला. आमच्या घरात त्या वस्तूचं नाव घेत नाहीत. कोंबडी घालते, ती. केकसुद्धा 'तसला नाही ना?' एवढंच विचारून आणतो.

"ते... पांढरं असतं ना," दिवाकर म्हणाले, "त्याचं वरचं."

"कुटून," मी म्हटलं.

"सिग्नलपाशी भुर्जीची गाडी असते. ते लोक फेकूनच देतात. नुसतं वरचं मागितलं तर..."

"अहो, आणि एखादे यजमान भेटले तर?"

"मास्क लावतो."

"कशाचं वरचं?" सासूबाई माळ ओढत बाहेर आल्या. सगळे भिंतीकडे बघायला लागले. शेवटी मृण्मयीनं मोबाइल पुढे धरला. त्यावर चित्र होतं, चष्म्याशिवायही कळण्यासारखं. सासूबाईंचे ओठ मिटले. मग त्या पेटीवर वाकल्या. गेणूनं शंखाबाहेर एक पाय टेकवला. त्याला भार पेलेना, पाय मुडपला आणि तो वाळूत कलंडला.

"अगं बाई गं," म्हणत सासूबाईंनी माळ गोमुखीत टाकली आणि वरून हातानं घट्ट दाबून धरली. मग लेकाकडे वळल्या.

"लोकांची टरफलं कसली मागतोस रे भिकाऱ्यासारखी? अख्खं अंडं आण."