परतीचा बाण

लुंड शहरातल्या प्रयोगशाळेत एस्किल सकाळपासून खुशीत होता. तापवल्यावर प्रथिनाची घडी कशी उलगडते, याचं त्याचं गणित मोजमापाशी तंतोतंत जुळलं होतं. फळ्यावर त्याने दोन बाण काढले होते: एक उलगडण्याचा, एक परत घडी होण्याचा.

शेजारच्या टेबलावरून त्याची सहकारी टूवा हिने विचारलं, "तोच नमुना थंड करून पुन्हा तापवलास का?"

"छे, दरवेळी ताजा घेतला."

"म्हणजे आलेख जुळला म्हणून परतीचा बाण गृहीत धरलास! शहाणाच आहेस."

त्याने तोच नमुना थंड करून पुन्हा तापवला. आलेखावर आधी डोंगरासारखी चढलेली रेघ आता सपाट पडून राहिली. उलगडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचा साका झाला होता. ती आता घडीवर येणार नव्हती. एस्किलने बोटानेच परतीचा बाण पुसला.

मग दालचिनीचा पाव तिच्यापुढे सरकवत तो म्हणाला, "टूवा, काल सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोललो. आता डोकं थंड झालंय माझं. पहिल्यासारखं एकत्र काम करू या ना?"

टूवाने पावाकडे पाहिलंही नाही. नमुन्याची गढुळलेली नळी उजेडात धरून ती म्हणाली, "थंड तर हेही झालं होतं, एस्किल."