भरायची राहिलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, मधले काही महिने मात्र स्वतःला खुर्ची म्हणवून घ्यायचीही मला लाज वाटत होती. हात होते, पाठ होती, चारही पाय धड होते, पण बसायला जागाच नव्हती!

एका सुताराने मला सागवानातून घडवलं आणि मी इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंच्या घरी आले. माझ्यावर बसून त्यांनी किती वह्या तपासल्या! पाहुणे म्हणत, "खुर्ची असावी तर अशी." तेव्हा मी आतल्या आत फुगून जायचे. पुढे माझी बैठक खचली आणि बाईंच्या मुलाने मला गादीवाल्या काकांकडे टाकलं.

काकांनी जुना काथ्या उपसला, नवे पट्टे ताणले आणि हात झटकले. बसणारं माणूस स्वतः येऊन बसल्याशिवाय ते कापूस भरत नसत. दुकानात मदत करणाऱ्या काकूंनी माझ्या हाताला चिठ्ठी बांधली: 'इनकम्प्लीट'.

मग सुरू झालं वाट पाहणं. शेजारचे सोफे आले, भरले, गेले. दार वाजलं की माझा जीव वरखाली व्हायचा. बाई येईनात.

एक दिवस मुलगा एकटाच आला. चिठ्ठी वाचून वैतागला.

"अजून इनकम्प्लीटच? मग द्या भंगारात. प्लास्टिकची घेतली आहे मी."

"आईंना एकदा आणा," काका म्हणाले.

"अहो, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. बसली की उठवायला दोघं लागतात."

"म्हणून तर आणा."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, काठी टेकत, निम्म्या झालेल्या. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि हसल्या.

"अरे, हा शब्द मूळचा लॅटिन. 'प्लेरे' म्हणजे भरणं. कम्प्लीट म्हणजे काठोकाठ भरलेलं. त्याच्या आधी 'इन' लागलं की भरलेलं नाही, एवढंच. वहीला म्हणा, घराला म्हणा, माणसाला म्हणा. यात मोडलेलं कुठे आलं?"

काकांनी पट्ट्यांवर कापसाचा थर टाकला आणि बाईंना बसवलं. बैठक खोल गेली, त्यांना उठता येईना. आणखी कापूस, पुन्हा बसणं, पुन्हा धडपड. मुलाने घाईने हात पुढे केला.

"थांब रे," बाई म्हणाल्या.

काकांनी शेवटचा थर दाबून बसवला. बैठक पूर्वीपेक्षा चांगली चार बोटं उंच झाली. बाई बसल्या. मी श्वास रोखून धरला. त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर भार दिला आणि कुणालाही न धरता उभ्या राहिल्या. मुलाचे डोळे भरून आले. चिठ्ठी त्यानेच सोडली.

मित्रांनो, आजही दार वाजलं की मी दचकते. ती सवय काही सुटत नाही. म्हणून कळकळीने सांगते, काही अर्धवट दिसलं तर टाकून देण्याआधी एवढं बघा: ते मोडलंय, की भरायचं राहिलंय?