गोदाबाईंचा लोटा
बालाघाटजवळ छोटी रेल्वे नाल्यात उलटली, तेव्हा रुख्माबाईचं डोकं फुटलं होतं. एका अनोळखी बाईनं तिला पितळी लोट्यानं पाणी पाजलं, लोटा तिच्याच हाती ठेवला आणि ती दुसऱ्या जखमींकडे धावली.

रुख्माबाईला वाचता येत नव्हतं. दहा वर्षांनी तिची लेक सरिता शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिनं लोट्यावर कोरलेली अक्षरं वाचली: ‘गोदाबाई, लांजी’. दुसऱ्याच दिवशी मायलेकी बसनं लांजीला गेल्या आणि विचारत विचारत त्यांनी घर गाठलं.

लोटा पाहताच म्हाताऱ्या गोदाबाई मटकन खाली बसल्या.

“बाई, तू जित्ती हायेस? मले वाटे, तू वाचलीच नसशीन.”

“तुमच्याच पाण्यानं वाचली, आत्या. लोटा द्याले आली.”

“लोट्याचं काय घेऊन बसली? आंधी जेवाले बस,” म्हणत गोदाबाईंनी तिला पोटाशी धरलं.