कमळाआजीचं माहेरचं नाव

नाव म्हणजे माणसाच्या नशिबाचा पाया. हे थोर वचन कुणालचं. त्याने घरच्या कुत्र्याचं नाव टॉमी ठेवलं होतं, आणि तो गेल्यावर आणलेल्या दुसऱ्याचंही टॉमीच.

पण मुलीची गोष्ट वेगळी. अंजूरच्या घरी बारसं तोंडावर आलं होतं आणि कुणालला अख्ख्या भिवंडी तालुक्यात कुणाचं नसलेलं नाव हवं होतं. मोबाइलवर शोधशोधून त्याचा अंगठा दुखायला लागला. त्याची बायको मृणाली मात्र मांडीवरच्या बाळाचा श्वास बघत बसायची. गेल्या वर्षीच्या मुलीचं नाव त्यांनी असंच शोधून अक्षया ठेवलं होतं. म्हणजे कधी न सरणारी. ती पावसाळासुद्धा पुरा करू शकली नाही.

तेव्हापासून कुणालची आजी कमळा मनातल्या मनात एकच भांडण भांडत होती: एवढं चांगलं नाव ठेवायची गरज काय होती?

या वेळी ती म्हणाली, "केरा ठेव."

कुणालने टाइप केलं. "खतरनाक, आजी! शॉर्ट, स्टायलिश. इथे चार देशांतले पाच अर्थ दिलेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तुला कुठून सुचलं गं?"

"सुचलं आपलं."

कोन गावच्या वैशालीआत्याने ग्रुपवर 'युनिक!' लिहून बदाम पाठवले. नाव पक्कं झालं.

बारशाला आत्यानेच बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मोठ्याने हाक दिली, "केरा!"

"ओ," कमळा म्हणाली.

"अगो आई, तुजं बारसं न्हाय हाय!" आत्या ओरडली. बायका हसल्या. कमळाही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने 'कमळा' लिहिलं, त्यानंतर सासरी तिला जुन्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. माहेरी तशी हाक मारणारे कधीच गेले होते.

पाहुणे पांगल्यावर मृणालीने आतल्या खोलीत विचारलं, "आजी, ते नाव तुमचं ना?"

"माजंच. माज्या आधीची पोरं जगली न्हाईत. मंग मी झाले, तवा आयेनं मला झाडलेल्या केरावर ठेवली. शेजारीण आली नि म्हणली, कुणाची टाकलेली पोर हाय ही, मी उचलते. टाकलेल्या पोरीकडं मरण कशाला बघंल? म्हणून केरा." ती बाळाच्या पायाला हात लावून थांबली. "अक्षयाच्या येळी मी बोलले असते तर..."

मृणाली बी.एस्सी. झालेली होती. अक्षया कशाने गेली ते डॉक्टरांनी नीट समजावलं होतं आणि तिला ते कळलंही होतं. ती उठली आणि तिने दार लोटलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "आत्या बाहेर झाडतायत. त्यांना सांगा ना, सगळा केर टाकू नका. सुपलीभर ठेवा."